बाहेरचे भांडार आणि घरची किल्ली

(जेसल पार्क, भाईंदर (पूर्व) येथे शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण जेथे जमलो आहोत ते जेसल पार्क वसईच्या खाडीच्या काठी आहे. या खाडीच्या परिसरात दोन व्यवसाय पिढ्यानपिढ्या शेजारी शेजारी चालत आले. एक मिठागराचा आणि दुसरा खार जमिनीवरील भातशेतीचा. मिठागरवाला भरतीचे पाणी मुद्दाम आत घेतो. तेच त्याचे उत्पन्न. भातशेतकऱ्याच्या खाचरात तेच पाणी शिरले, तर पीक जाते आणि जमीनही नासते. म्हणून तो बांध घालतो, बांधाला उघाडी ठेवतो, ओहोटीच्या वेळी तीतून पावसाचे पाणी बाहेर सोडतो आणि भरतीला ती बंद राहील याची दक्षता घेतो. खाऱ्या पाण्याला सरसकट चांगले अथवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. उघाडी कोणी उघडावी, केव्हा उघडावी आणि तिच्यावर लक्ष कोणी ठेवावे, हे ठरलेले असावे लागते. बांध सामाईक असतो. एकाने आपल्या सोयीसाठी त्याला भोक पाडले, तर नुकसान साऱ्यांच्या खाचरांचे होते.

आजचा माझा विषय संगणकाचा असला तरी त्याचे मर्म हेच आहे. मुक्त स्रोत प्रणालीवर चालणाऱ्या आपल्या सार्वजनिक संगणकांवर बाहेरच्या भांडारांतून सॉफ्टवेअर घ्यावे काय, आणि घ्यावयाचे झाल्यास कोणत्या शिस्तीने घ्यावे, याविषयी मी आपल्यापुढे काही विचार मांडणार आहे.

मुक्त स्रोत आणि आपली कार्यालये

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ आराखडा कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, बदलता येतो आणि इतरांना देता येतो, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी प्रणाली या वर्गातील होत. केंद्र शासनाने २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा अवलंब करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच आपल्या परिचयाचे सी-डॅक, यांनी डेबियनच्या आधारे 'बॉस' ही भारतीय प्रणाली तयार केली. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांनी उबुंटूचा अवलंब केला, आणि तेथील खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने विकसित केली. केरळात 'काइट' ही शासकीय संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारित स्वतंत्र आवृत्ती तयार करून देते. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमातून लिनक्सचे पाठ अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत.

तेव्हा ही प्रणाली आता केवळ हौशी मंडळींची राहिलेली नाही. जेथे जनतेच्या नोंदी असतात अशा जागी ती पोहोचली आहे. यास्तव तिच्या वापरातील सवयीही सार्वजनिक जबाबदारीला साजेशा हव्यात.

भांडार म्हणजे काय?

इतर प्रणालींवर एखादे सॉफ्टवेअर हवे असल्यास माणूस ते कोठून तरी उतरवून घेतो आणि बसवितो. लिनक्सची रीत वेगळी आहे. तेथे प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे भांडार असते. प्रणालीचे स्वयंसेवक अथवा कर्मचारी मूळ लेखकांकडून सॉफ्टवेअर घेतात, त्याचा परवाना तपासतात, ते इतर सॉफ्टवेअरशी जुळते की नाही हे पाहतात, ठराविक पद्धतीने त्याचा संच बांधतात आणि भांडारात ठेवतात. संचाला पॅकेज असे म्हणतात. आपल्या संगणकावरील व्यवस्थापक आज्ञावली या भांडाराची सूची वाचते, मागितलेला संच आणते, त्याला लागणारे इतर संचही आणते आणि पुढे सुधारणा आल्या की त्याही बसविते.

डेबियनची स्थापना इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक संच होते. पत्रलेखनापासून खगोलशास्त्रापर्यंत आणि जमाखर्चापासून मुलांच्या खेळांपर्यंत बहुतेक गरजा या एकाच कोठारातून भागतात. त्यांतील सुरक्षाविषयक दोषांची दुरुस्तीही त्याच कोठारातून येते. ही सोय मोठी आहे. कारण पन्नास संचांची काळजी पन्नास ठिकाणी वाहावी लागत नाही.

या अधिकृत भांडाराबाहेर इतर व्यक्ती, गट आणि कंपन्या यांनी चालविलेली भांडारे असतात. त्यांना त्रयस्थ भांडारे म्हणतात. उबुंटूच्या जगात २००७ सालापासून कोणाही नोंदणीकृत व्यक्तीला स्वतःचे छोटे भांडार उघडण्याची सोय मिळाली. ती 'पीपीए' या नावाने ओळखली जाते. आर्च लिनक्सचे 'एयूआर' हा वापरकर्त्यांनीच चालविलेला संग्रह होय. काही कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरसोबत स्वतःचे भांडार संगणकाच्या यादीत आपोआप जोडतात; गुगल क्रोम हा ब्राउझर डेबियन अथवा उबुंटूवर बसविला की त्याचे भांडार यादीत दाखल होते, ते याच प्रकारे.

गरज खरी असते

बाहेरचे भांडार म्हणजे काहीतरी निषिद्ध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. पुष्कळदा त्यामागे रास्त कारण असते.

फेडोराचेच उदाहरण घ्या. ज्या तंत्रावर पेटंटचे बंधन आहे, असे सॉफ्टवेअर फेडोरा आपल्या भांडारात ठेवीत नाही. ध्वनिफिती आणि चित्रफिती उलगडणाऱ्या काही आज्ञावली त्यामुळे बाहेर राहतात. एखाद्या शाळेला वर्गात शैक्षणिक चित्रफीत दाखवावयाची असली आणि पडद्यावर चित्रच उमटत नसले, तर शिक्षकाने काय करावे? या गरजेतून ड्रिबल, फ्रेशआरपीएम्स आणि लिव्हना अशी निरनिराळी भांडारे निर्माण झाली. ती २००८ साली एकत्र आली आणि 'आरपीएम फ्यूजन' हे संयुक्त भांडार उभे राहिले. त्याचे काम उघडपणे चालते आणि संच बांधण्याचे त्याचे नियम फेडोराच्या नियमांना धरून आहेत. बाहेरचे असूनही चांगले चाललेले भांडार कसे असते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

दुसरे कारण नव्या आवृत्तीचे. स्थिर प्रणाली सावकाश चालते. तिच्या भांडारातील आवृत्ती वर्ष-दोन वर्षे जुनी असू शकते, आणि एखाद्या कामासाठी नवीच आवृत्ती लागते. तिसरे कारण यंत्राचे. एखाद्या छापयंत्राला किंवा बिनतारी जोडणीच्या भागाला लागणारी आज्ञावली अधिकृत भांडारात नसते आणि उत्पादकाकडूनच घ्यावी लागते.

तेव्हा प्रश्न बंदीचा नाही. आपण नेमके काय करीत आहोत याची जाणीव ठेवून ते करण्याचा आहे.

कुलमुखत्यारपत्रासारखा अधिकार

बहुतेकांची समजूत अशी असते की, बाहेरचे भांडार जोडणे म्हणजे बाजारातून एक वस्तू आणणे. वस्तुस्थिती याहून पुष्कळ वेगळी आहे. आपल्या नित्य परिचयातील दाखला द्यावयाचा, तर ते कुलमुखत्यारपत्र लिहून देण्यासारखे आहे. याची कारणे तीन.

पहिले कारण असे की, डेबियन किंवा फेडोराच्या पद्धतीचा संच बसविताना त्यातील सूचना संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने अमलात येतात. त्या अधिकारापुढे कोणतीही धारिका बंद नसते. संच एखाद्या घड्याळाचा असो की खेळाचा, बसविण्याच्या क्षणी त्याचा कर्ता आपल्या यंत्रावर वाटेल ते करू शकतो.

दुसरे कारण असे की, हा अधिकार एका वेळेपुरता नसतो. भांडार यादीत राहते, आणि पुढे प्रत्येक अद्ययावतीकरणाच्या वेळी संगणक तेथे जाऊन नवे काही आले आहे काय, हे विचारतो. आज ते भांडार एका सज्जन माणसाकडे असेल. उद्या ते दुसऱ्याच्या हाती गेले, तरी आपल्या संगणकाचा विश्वास तसाच राहतो.

तिसरे कारण फार थोड्यांच्या ध्यानात येते. एकच संच दोन भांडारांत असला, तर डेबियन व उबुंटूवरील व्यवस्थापक सामान्यतः अधिक नव्या आवृत्तीचा संच निवडतो. त्यामुळे आपण एका लहान साधनासाठी जोडलेले भांडार प्रणालीच्या मूळ भागांचीही जागा घेऊ शकते. पाहुण्याला एका खोलीची किल्ली द्यावी आणि त्याने साऱ्या वाड्याची कुलुपे बदलावीत, असाच हा प्रकार होय.

आता आपल्या कार्यालयातील यंत्रावर काय असते ते पाहा. वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराजच्या माध्यमातून अदा करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची डिजिटल स्वाक्षरी वापरली जाते. शाळेच्या यंत्रावर विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक भरले जातात. कर आकारणीच्या नोंदी असतात, दाखले असतात, पालकांचे दूरध्वनी क्रमांक असतात. अशा यंत्राचा सर्वोच्च अधिकार एका अनोळखी माणसाला देणे म्हणजे दप्तरखान्याची किल्ली वाटेवरच्या माणसाच्या हाती ठेवणे होय. नुकसान झाले, तर ते ज्याने भांडार जोडले त्याचे एकट्याचे होत नाही. ज्यांनी विश्वासाने आपली माहिती दिली त्या गावकऱ्यांचे आणि त्या मुलांचे होते. आणि त्यांना तर कोणी विचारलेलेही नसते.

घडलेल्या काही गोष्टी

ही भीती काल्पनिक नाही. उबुंटूच्या कंपनीने चालविलेल्या स्नॅप स्टोअरमध्ये मे २०१८ मध्ये '२०४८बुंटू' नावाचा एक साधा आकड्यांचा खेळ सापडला. त्यात वापरणाऱ्याच्या नकळत आभासी चलन कमावणारी आज्ञावली दडविलेली होती. हा संग्रह बाहेरच्या कोणा व्यक्तीचा नव्हता, तो उबुंटूच्याच कंपनीचा. परंतु त्यातील संच कोणीही दाखल करू शकत असे. दुकान मोठ्याचे असले, तरी माल कोणाचा आहे हे पाहावेच लागते, हा त्याचा बोध.

त्याच वर्षी जुलैमध्ये आर्चच्या एयूआर संग्रहात दुसरा प्रकार घडला. पीडीएफ वाचण्याच्या एका साधनाचा संच मूळ सांभाळकर्त्याने सोडून दिला होता. एका अनोळखी व्यक्तीने तो बेवारस संच नियमाप्रमाणेच आपल्याकडे घेतला आणि त्यात घातक सूचना घातल्या. संचाचे नाव तेच होते, जागा तीच होती. सांभाळणारा मात्र बदलला होता. जुलै २०२५ मध्ये याच संग्रहात ब्राउझरची सुधारित रूपे म्हणून मिरविणारे तीन संच आढळले. दूर बसून संगणकाचा ताबा घेता येईल असा कार्यक्रम ते बसवीत होते. दोन दिवसांतच ते काढून टाकण्यात आले. परंतु तेवढ्या अवधीत ज्यांनी ते बसविले, त्यांना आपली यंत्रे तपासणे भाग पडले.

अधिकृत भांडार म्हणजे अभेद्य तट, असेही मानू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या साधनात कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून चोरवाट घातल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाच्या वेळी सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला आणि त्या धाग्याने त्यांनी तपास लावला. हे दूषित रूप डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या विकसनशील आवृत्तीत पोहोचले होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र ते नव्हते. स्थिर आवृत्ती सावकाश चालते म्हणून आपण तिला नावे ठेवतो. तोच सावकाशपणा त्या वेळी कामी आला. शिवाय मूळ आराखडा सर्वांना खुला होता आणि पाहणारे अनेक होते, म्हणून दोष हाती लागला. जे भांडार एकच माणूस चालवितो आणि दहा-वीस जण वापरतात, तेथे असे पाहणारे डोळे कोठून येणार?

स्वाक्षरी कशाची ग्वाही देते?

डेबियनच्या पद्धतीत भांडाराची सूची डिजिटल स्वाक्षरीने मोहोरबंद केलेली असते आणि तीत प्रत्येक संचाची गणिती खूण नोंदविलेली असते. फेडोराच्या पद्धतीत स्वतंत्र संचावर स्वाक्षरी असते. वाटेत कोणी संच बदलला, तर खूण जुळत नाही आणि संगणक तो नाकारतो. ही व्यवस्था चांगली आहे. परंतु तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाकिटावरील मोहोर शाबूत आहे, एवढेच ती सांगते. पाकिटातील मजकूर खरा आहे किंवा पाठविणारा सज्जन आहे, हे ती सांगत नाही. लबाडाच्या भांडारावरही त्याची स्वतःची स्वाक्षरी असतेच, आणि तीही बिनचूक जुळते.

यातच आणखी एक बारकावा आहे. डेबियन व उबुंटूवर पूर्वी बाहेरच्या भांडाराची किल्ली एका सामाईक जागी ठेवली जात असे. तेथे एकदा ठेवलेली किल्ली यादीतील कोणत्याही भांडाराला लागू पडे. ही रीत आता मागे पडली आहे. प्रत्येक भांडाराची किल्ली वेगळ्या धारिकेत ठेवावी आणि त्या भांडाराच्या नोंदीतच ती किल्ली नेमून द्यावी, ही आजची योग्य रीत होय. जुन्या लेखांत अजूनही आधीच्या पद्धतीच्या सूचना आढळतात. त्या तशाच उतरवून घेऊ नयेत.

किंबहुना अनोळखी लेखातील आज्ञा न वाचता उतरवून सर्वोच्च अधिकाराने चालविणे, हीच सर्वांत घातक सवय आहे. एका ओळीच्या त्या आज्ञेत धारिका उतरविणे आणि ती तत्काळ अमलात आणणे ही दोन्ही कामे जोडलेली असतात. आपण कोऱ्या धनादेशावर सही करीत नाही. मग न वाचलेल्या आज्ञेला परवलीचा शब्द का द्यावा?

आधी घरात पाहावे

बाहेर जाण्यापूर्वी घरात शोधावे, हा पहिला नियम. आपल्याकडे मराठी टंकलेखन आणि मराठी अक्षरे यांसाठी पुष्कळ जण बाहेर धाव घेतात. वास्तविक 'लोहित' ही अक्षरमालिका रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुली केली आणि त्या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी तिची पुढे निगा राखली. आज ती प्रमुख लिनक्स प्रणालींच्या अधिकृत भांडारांत आहे. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिण्याची सोय तेथे आहे. लिबरऑफिसचे मराठी रूप आहे. छापील मराठी पानावरील अक्षरे ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'चा मराठी संचही आहे. या गोष्टींसाठी वेशीबाहेर पाऊल टाकण्याची गरज नाही. घरातील कोठार कसे धुंडाळावे याची माहिती नसते, एवढेच. स्पोकन ट्युटोरियलच्या लिनक्स मालिकेत सिनॅप्टिक या व्यवस्थापकावर स्वतंत्र पाठ आहे. शिक्षकांनी तो अवश्य पाहावा.

नवी आवृत्ती हवी असल्यास डेबियनचीच 'बॅकपोर्ट्स' ही अधिकृत शाखा आधी तपासावी. तीत नव्या आवृत्तीचे निवडक संच जुन्या स्थिर प्रणालीसाठी बांधून ठेवलेले असतात. त्यातूनही भागत नसेल, तर सॉफ्टवेअरच्या मूळ कर्त्यांनी स्वतः चालविलेले भांडार, अथवा 'फ्लॅटहब'सारखा संग्रह पाहावा. फ्लॅटहबवरील कार्यक्रम बऱ्याच अंशी बंदिस्त कक्षात चालतात आणि बसविताना प्रणालीचे मूळ भाग बदलीत नाहीत. मात्र प्रत्येक कार्यक्रमाने कोणत्या परवानग्या मागितल्या आहेत, आणि तो मूळ कर्त्याचा असल्याची खूण तेथे आहे काय, हे पाहावे. घरच्या साऱ्या धारिका वाचण्याची परवानगी ज्याने घेतली, त्याचा कक्ष नावापुरताच बंदिस्त राहतो.

नोंदवहीची शिस्त

इतके करूनही बाहेरचे भांडार जोडणे आवश्यक ठरले, तर काय करावे? आपली कार्यालये साधी खुर्ची घेतली तरी जडवस्तू नोंदवहीत नोंद करतात. जे भांडार संपूर्ण यंत्रावर अधिकार मिळविते, त्याची एक ओळही कोठे लिहिलेली नसावी, हे योग्य नव्हे. माझी सूचना अशी आहे की, प्रत्येक शाळेत व कार्यालयात संगणकांसाठी एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक बाहेरच्या भांडारासाठी तीत पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. भांडाराचे नाव, ते चालविणारी व्यक्ती अथवा संस्था, आणि ती मूळ सॉफ्टवेअरची कर्ती आहे की मध्यस्थ.

२. कोणत्या कामासाठी ते हवे आहे आणि अधिकृत भांडारात पर्याय शोधला होता काय.

३. किल्लीची खूण कोठून मिळविली आणि कर्त्याच्या स्वतःच्या जागेवरील खुणेशी ती ताडून पाहिली काय.

४. त्या भांडारातून कोणकोणते संच बसविले.

५. कोणी बसविले, कोणी मान्यता दिली आणि फेरविचाराची तारीख कोणती.

याला जोडून एक तांत्रिक मर्यादा घालावी. डेबियन व उबुंटूवर प्रत्येक भांडाराला प्राधान्याचा अंक देता येतो. नेहमीच्या भांडाराचा अंक ५०० असतो. बाहेरच्या भांडाराचा अंक १०० वर आणला, तर तेथील संच अधिकृत संचांना बाजूला सारू शकत नाहीत. आपण मुद्दाम मागितलेला संच तेवढा येतो. हा एका लहान धारिकेतील तीन-चार ओळींचा प्रश्न आहे. हीच आपल्या बांधाची उघाडी होय. मात्र एक गोष्ट विसरू नये. या मर्यादेने प्रणालीचे मूळ भाग बदलण्यास आळा बसतो. मुद्दाम मागितलेल्या संचातील सूचना सर्वोच्च अधिकारानेच चालतात. म्हणून कर्त्याची पारख ही आधीची पायरी टळत नाही.

ज्या यंत्रावर डिजिटल स्वाक्षरी आणि जनतेच्या नोंदी आहेत, त्यावर बाहेरचे भांडार शक्यतो जोडूच नये. प्रयोगासाठी दुसरे यंत्र ठेवावे. तसेच भांडार जोडण्यापूर्वी धारिकांची प्रत वेगळ्या साधनावर काढून ठेवावी.

काढतानाची काळजी

भांडार जोडण्याइतकेच ते काढणेही महत्त्वाचे आहे, आणि याविषयी गैरसमज फार आहेत. यादीतून भांडाराचे नाव पुसले, म्हणजे त्याचे संच गेले असे होत नाही. ते यंत्रावर तसेच राहतात. फक्त त्यांच्या दुरुस्त्या येणे थांबते. पडद्यावर मात्र सर्व काही अद्ययावत असल्याचा निर्वाळा मिळत राहतो, कारण विचारणा करावयास कोणी उरलेलेच नसते. चालविणाऱ्याने सोडून दिलेल्या भांडाराचेही हेच होते. म्हणून वहीतील चौथ्या कलमाची गरज. भांडार काढताना त्यातील संचही काढावेत किंवा त्यांच्या जागी अधिकृत संच आणावेत. उबुंटूवर पीपीए काढून मूळ संच परत आणण्यासाठी 'पीपीए-पर्ज' हे साधन आहे.

प्रणालीची आवृत्ती बदलताना उबुंटू बाहेरची भांडारे आपोआप बंद करते; कारण जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले संच नव्या आवृत्तीशी जुळतीलच असे नाही. अशा वेळी वही हाताशी असेल, तर प्रत्येक भांडाराची गरज अजून आहे काय, हे ठरविता येते. पुष्कळदा ती राहिलेली नसते. डेबियनमध्ये पूर्वी काही यंत्रभागांना लागणारी बंद स्वरूपाची आज्ञावली वेगळी मिळवावी लागे. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून ती अधिकृत स्थापना-साधनात घेण्याचे ठरविले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती तेथेच मिळू लागली. जे काल बाहेरून आणावे लागत होते, ते आज घरात आले. फेरविचाराची तारीख लिहावयाची ती याचसाठी.

शिक्षकांचे आणि सदस्यांचे काम

शिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थ्यांना या विषयापासून दूर ठेवू नये. मुक्त स्रोताचे खरे शिक्षण उघडून पाहण्यात आहे. प्रयोगशाळेतील एखाद्या यंत्रावर त्यांना बाहेरचे भांडार जोडू द्यावे, त्यातील संच कोणत्या आवृत्तीचा आला हे पाहू द्यावे, मग ते काढून यंत्र पूर्ववत करू द्यावे. हे भांडार कोण चालवितो आणि आपण त्याच्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न ज्या मुलाने शाळेत विचारला, ते मूल पुढे भ्रमणध्वनीवर आलेला अनोळखी कार्यक्रमही डोळे झाकून बसविणार नाही.

ग्रामपंचायत सदस्यांना तंत्र येत नसले तरी चालेल. त्यांनी सभेत एवढेच विचारावे की, आपल्या कार्यालयातील संगणकावर कोणाकोणाची भांडारे जोडलेली आहेत आणि त्यांची नोंद कोठे आहे. ज्यांच्या घरपट्टीच्या पैशातून ते यंत्र आले, त्यांच्या प्रतिनिधीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. देखभालीसाठी बाहेरचा तंत्रज्ञ येत असेल, तर त्याने जोडलेल्या गोष्टींची नोंद त्याच्या सहीनिशी घ्यावी. तो पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो.

अधिकाऱ्यांनी आणखी एक पाऊल पुढे जावे. प्रत्येक शाळेने आपापल्या परीने भांडारे शोधण्यापेक्षा जिल्हा अथवा राज्य पातळीवर तपासलेल्या संचांचे एक सामाईक भांडार असावे, हे अधिक सोयीचे. केरळातील शाळांना एकाच संस्थेकडून तयार प्रणाली मिळते, याचा लाभ हाच की, निवड आणि तपासणी यांचे ओझे एकट्या शिक्षकावर पडत नाही. आणि जे साधन आपल्याला वारंवार बाहेरून आणावे लागते, ते अधिकृत भांडारात यावे म्हणून प्रयत्न करणेही आपल्या हाती आहे. डेबियनसारख्या प्रकल्पात कोणीही एखादा संच बांधण्याची रीतसर विनंती करू शकतो आणि शिकून तो स्वतः बांधूही शकतो. डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरली होती; आपल्या देशात या कामाचे जाणकार आहेत. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत जे घडले, ते मराठी शब्दसंग्रह, शालेय साधने आणि पंचायतीच्या कामाची साधने यांच्या बाबतीतही घडू शकेल.

मुक्त स्रोताने आपल्याला निवडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार एखाद्या कंपनीकडे न राहता आपल्याकडे आला आहे. परंतु अधिकार आला की हिशेबही आला. पुढील आठवड्यात आपापल्या कार्यालयात व शाळेत गेल्यावर प्रत्येकाने एकच काम करावे: संगणकावरील भांडारांची यादी उघडावी, जी नावे ओळखीची नाहीत ती वहीत उतरवावीत, आणि ती कोणी व कशासाठी जोडली याचा शोध घ्यावा. ज्याचे उत्तर सापडणार नाही, ते भांडार त्यातील संचांसह काढण्याची व्यवस्था करावी. हे काम एका दुपारचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची अथवा निधीची वाट पाहावी लागत नाही.